आधी देणं सांगावं

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण सगळेच वापरतो. आपल्या घरात काय आहे आणि काय नाही, हे शेजाऱ्याला, सोयऱ्याधायऱ्यांना कळू नये, एवढाच तिचा अर्थ. चारचौघांत ती खरीही आहे. मुलीचं लग्न ठरवताना, उसनवारी करताना, अडत्याच्या गादीवर बसताना माणसाला मूठ झाकूनच ठेवावी लागते. पण हीच मूठ आपण घरातही झाकून ठेवतो. नवरा बायकोपासून झाकतो, बायको नवऱ्यापासून झाकते. नवरा-बायकोनं पैशाचा कारभार मिळून कसा करावा, असा विषय मला आज दिला आहे. या विषयावर उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, हे पुढे तुमच्या लक्षात येईलच. मी वाशीम जिल्ह्यात एका बँकेच्या ग्रामीण शाखांमध्ये तीस वर्षं नोकरी केली. त्यातली बरीचशी काउंटरच्या आत बसून. तिथून जे दिसलं आणि माझ्या स्वतःच्या घरात जे घडलं, तेवढंच तुमच्यापुढे ठेवतो.

आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके. सहाही तालुक्यांत पैसा येतो तो शेतातून, आणि शेतातला पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा लोक कापसाच्या चुकाऱ्याची वाट पाहायचे. पुढे सोयाबीन आलं. मृगात-आर्द्रात पेरायचं, दसरा-दिवाळीच्या तोंडावर सोंगायचं आणि विकायचं. मग जानेवारीत तूर, त्यानंतर हरभरा. म्हणजे वर्षातून दोनदा किंवा तीनदा हातात मोठी रक्कम येते आणि बाकीचे महिने त्या रकमेच्या आधारावर किंवा उधारीवर काढायचे असतात.

आता ही रक्कम घरापर्यंत कशी पोहोचते ते पाहा. माल घेऊन बाजार समितीत जातो तो घरधनी. काटा होतो, हिशेबपट्टी त्याच्या खिशात जाते. परतताना कृषी केंद्रावर बियाण्याची, खताची, औषधाची उधारी देतो. मळणीयंत्रवाल्याचे देतो. एखादं हातउसनं फेडतो. घरी येईपर्यंत निम्मी रक्कम संपलेली असते. पेरणीला बियाणं सोडणारी, निंदणाला जाणारी, सोंगणीच्या दिवसांत पहाटे चारला उठून भाकरी थापणारी बाई एवढंच पाहते, की पाच एकरांतलं सोयाबीन गेलं आणि घरात मूठभर नोटा आल्या. ती विचारते, "बाकीचे कुठं गेले?" तो म्हणतो, "खर्चात गेले." संभाषण तिथंच संपतं.

खरं तर तो खोटं बोलत नसतो. आपण साधा हिशेब करू. समजा, पाच एकर सोयाबीन आहे. एकरी सहा क्विंटल पिकलं, म्हणजे तीस क्विंटल. भाव चार हजार मिळाला, तर झाले एक लाख वीस हजार. यातून नांगरटी, बियाणं, खत, दोन-तीन फवारण्या, निंदण, सोंगणी, मळणी, गाडीभाडं असा एकरी पंधरा हजार खर्च धरला तर पंचाहत्तर हजार वजा झाले. उरले पंचेचाळीस हजार. बारा महिन्यांवर वाटले तर महिन्याला तीन हजार सातशे पन्नास. हा आकडा कागदावर मांडून नवरा-बायकोनं एकदा जरी एकत्र पाहिला, तरी घरातली निम्मी भांडणं मिटतील असं मला वाटतं. बायकोला वाटत असतं, एक लाख वीस हजार आले आणि यांनी उडवले. नवऱ्याला वाटत असतं, मी एवढा राबतो आणि हिला सणाला साडीच दिसते. दोघंही चुकीच्या आकड्यावरून भांडत असतात. बरोबर आकडा फक्त त्या हिशेबपट्टीवर असतो, आणि ती सदऱ्याच्या खिशात धुऊन निघते.

काउंटरवर बसलं की घराघरांतला कारभार न विचारता कळतो. बाई खात्यावरचे पैसे काढायला येते, पण तिचं पासबुक नवऱ्याच्या खिशात असतं. "तुमच्या खात्यात किती आहेत, माहीत आहे का?" असं विचारलं की ती आधी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहते. २०१४ साली जनधन योजनेत घरोघरी खाती उघडली गेली. २०२४ च्या ऑगस्टपासून 'लाडकी बहीण' योजनेचे दरमहा दीड हजार रुपये बायकांच्या खात्यात जमा होऊ लागले. खातं बाईच्या नावावर झालं, ही गोष्ट मोठीच. पण एटीएम कार्ड कुणाच्या खिशात आहे, हा प्रश्न खात्याच्या नावानं सुटत नाही.

एक प्रसंग मी विसरू शकत नाही. साल २०१८. एक बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा घेऊन आली. सोबत भाऊ होता. नवरा शेचाळीस वर्षांचा, रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही. तेरावं उरकलं आणि दुसऱ्या दिवसापासून माणसं दारात यायला लागली. एक म्हणाला, कृषी केंद्राचे अठ्ठावीस हजार बाकी आहेत. दुसरा म्हणाला, मी बैलासाठी चाळीस हजार दिले होते. तिसऱ्यानं तर आकडाच सांगितला नाही, नुसतं म्हणाला, "तुमच्या मालकाला माहीत होतं." ती मला विचारत होती, "साहेब, यातलं खरं कोणाचं?" मला काय माहीत? आमच्या शाखेचं पीककर्ज तेवढं मला माहीत होतं. बाकीचं तिच्या नवऱ्यालाच माहीत होतं.

मी तिचं पासबुक भरून घेतलं आणि एकेक नोंद पाहू लागलो. मे महिन्यात ३३० रुपये वजा झालेले दिसले. मी विचारलं, "हा विमा कशाचा, ठाऊक आहे?" तिला ठाऊक नव्हतं. ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची नोंद होती. तेव्हा त्याचा वर्षाचा हप्ता ३३० रुपये होता, आता ४३६ रुपये आहे. मृत्यूनंतर वारसाला दोन लाख रुपये मिळतात. नवऱ्यानं खातं उघडताना कुणाच्या तरी सांगण्यावरून सही केलेली होती, पण घरी बोललेला नव्हता. त्याला ती सांगण्यासारखी गोष्ट वाटलीच नसावी. बाईचा अर्ज गेला, पैसे मिळाले. त्या दिवशी पासबुक भरलं नसतं तर ते दोन लाख मिळायचे राहून गेले असते. याचा अर्थ एवढाच, की त्या माणसानं घरी देणंही सांगितलं नव्हतं आणि येणंही सांगितलं नव्हतं.

दारात आलेल्या त्या तिघांचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. इथं कायद्याची एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी. नवऱ्यानं काढलेल्या कर्जावर बायकोची सही नसेल, ती जामीनदार नसेल, तर ते कर्ज तिच्या स्वतःच्या मिळकतीतून वसूल करता येत नाही. नवऱ्याच्या मागे वारसांना जी मालमत्ता मिळाली, तिच्या मर्यादेतच देणं लागू होतं. आणि विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. सावकारी नियमनाचा २०१४ चा कायदा त्यासाठीच आहे. अशा सावकाराची तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. पण हे सगळं केव्हा उपयोगी पडतं? कुणाचं किती देणं आहे, हे घरात कुठंतरी लिहिलेलं असेल तेव्हा.

आपल्या भागात तर या प्रश्नाला फार दुःखाची बाजू आहे. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्या सहांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वर्ध्याबरोबर आपलं वाशीमही होतं. कारण शेतकऱ्यांच्या आत्महत्या. अशा कुटुंबाला राज्य सरकारची एक लाखाची मदत ठरली. त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार वारसांच्या नावे ठेव. पण ही मदत मिळण्यासाठी कर्ज कुणाचं होतं, ते पाहिलं जातं. बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असेल तर प्रकरण पात्र ठरतं. म्हणजे नवऱ्याच्या मागे बाईला आधी त्याच्या कर्जाचे कागद शोधावे लागतात. ज्या कर्जाबद्दल तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता, त्याच कर्जाचा पुरावा ती सरकारी कचेऱ्यांतून मागत फिरते. शेतीचं अर्थकारण, पाऊस, बाजारभाव ही कारणं आहेतच, ती मी नाकारत नाही. पण माणूस एकटा पडतो तो आधी घरात पडतो. आपलं देणं बायकोला कळलं तर आपली किंमत कमी होईल, ही भीती त्याला आतून पोखरते.

ही भीती मला पुस्तकातून कळलेली नाही. आता माझी गोष्ट सांगतो.

२०१३ साली माझ्या एका बालमित्रानं मालवाहू गाडी घेण्यासाठी एका पतसंस्थेतून दीड लाखाचं कर्ज काढलं. दोन जामीनदार लागत होते. त्यातला एक मी. बँकेतला माणूस, दररोज लोकांना सांगणारा की जामीन म्हणजे स्वतःचंच कर्ज समजा, तो मी, पाच मिनिटांत सही करून आलो. घरी बोललो नाही. बोललो असतो तर पत्नी नको म्हणाली असती, हे माहीत होतं म्हणूनच बोललो नाही. वर्षभरात मित्राचे हप्ते थांबले. नोटीस आली ती बँकेच्या पत्त्यावर. मी फॉर्मवर पत्ता लिहितानाच तसा दिला होता. २०१४ च्या जूनपासून माझ्या पगारातून दरमहा साडेतीन हजार कापले जाऊ लागले.

घरी मी सांगितलं, की इन्कम टॅक्सची कपात वाढली आहे. मोठी मुलगी तेव्हा अकोल्याला अकरावीला होती. तिची खोली, मेस, ट्यूशन. धाकटा घरी. पत्नीनं काही विचारलं नाही. दूध एक लिटरचं अर्धा लिटर झालं. भावाच्या लग्नात ती ठेवणीतली साडी नेसून गेली. मला सगळं दिसत होतं. दर महिन्याला ठरवायचो, या रविवारी सांगू. रविवार यायचा आणि जायचा.

मग ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आली. पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी बँका ग्राहकांसाठी बंद होत्या, पण आम्हाला कामावर जायचं होतं. सकाळी मी निघालो तर पत्नीनं स्वयंपाकघरातून एक स्टीलचा डबा आणला आणि माझ्यापुढे ठेवला. "हे तेवढे बदलून आणा," म्हणाली. डब्यात पाचशेच्या त्रेचाळीस नोटा होत्या. साडेएकवीस हजार. हळदीचा वास येत होता त्यांना.

पहिल्यांदा मला रागच आला, हे कबूल करतो. माझ्यापासून लपवून हिनं एवढे पैसे जमवले? मी विचारलं, "हे कधीपासून चाललंय?"

ती म्हणाली, "तुमचा पगार कमी झाला तेव्हापासून. पोरीच्या पुढच्या शिक्षणाला कमी पडू नये म्हणून."

श्रोतेहो, माझा पगार कमी झालेलाच नव्हता.

पुढचे दिवस काउंटरवर कसे गेले ते सांगत नाही. १० तारखेपासून रांगा रस्त्यापर्यंत गेल्या. त्या रांगांत आयुष्यात पहिल्यांदा एकट्या बँकेत आलेल्या कितीतरी बायका होत्या. नोटा चार-चार घड्या घातलेल्या. कुणाच्या नोटांना धान्याच्या कोठीतली भुकटी लागलेली, कुणाच्या नोटा औषधाच्या रिकाम्या डबीत कोंबलेल्या. गृहिणींच्या खात्यात अडीच लाखांपर्यंत रक्कम भरली तर आयकर खातं विचारणार नाही, असं सरकारनं जाहीर केलं होतं. बायकांना धास्ती आयकर खात्याची नव्हतीच. एक म्हातारी हळूच म्हणाली, "बावा, घरी कळू देऊ नको." मी नोटा मोजत होतो आणि प्रत्येक गठ्ठ्यात मला तो स्टीलचा डबा दिसत होता.

चार दिवसांनी रात्री मी तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. रडली नाही, ओरडली नाही. मग म्हणाली, "मी पैसे लपवले, तुम्ही कर्ज लपवलं. दोन्ही सारखं नाही." आणि थोड्या वेळानं विचारलं, "किती राहिलेत?"

दुसऱ्या दिवशी तिनं नोटीस मागून घेतली. नीट वाचली. आणि मला विचारलं, "इथं दोन जामीनदारांची नावं आहेत. दुसरा किती भरतो?" अडीच वर्षांत हा प्रश्न मी कुणालाही विचारला नव्हता. विचारायचं म्हटलं तर चारचौघांत बोभाटा झाला असता. वसुली माझ्या पगारातून सोपी होती, म्हणून माझ्याकडूनच चालू होती. जामीनदार दोघं असले की जबाबदारी दोघांची असते, हे मी ग्राहकांना शंभर वेळा सांगितलं असेल. आम्ही दोघं त्या गृहस्थांकडे गेलो, मग मित्राकडे गेलो. बोलणी झाली, थोडी कटुताही आली. पण दुसऱ्या जामीनदारानंही हप्ते भरायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी ते खातं बंद झालं. मी एकट्यानं ते ओझं वाहिलं ते माझ्या शहाणपणामुळं नव्हे, लाजेमुळं. दुसऱ्या माणसाला लाज नव्हती म्हणून तिला कागद वाचता आला.

तिच्या त्या वाक्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. बचत लपवणं आणि कर्ज लपवणं सारखं नाही. डब्यातला पैसा उद्या बाहेर आला तर घरात आनंदच होतो, थोडा राग आला तरी. लपवलेलं कर्ज बाहेर येतं ते व्याज घेऊनच. शिवाय ज्या बाईच्या नावावर वावर नाही, घर नाही, जिला हिशेब कुणी सांगत नाही, तिला तो डबा हाच काय तो आधार असतो. नवऱ्याला कारभार मिळून करायचा असेल, तर त्यानं बायकोला डबा उघडायला सांगून सुरुवात करू नये. आधी आपलं देणं सांगावं.

बायकाही कर्ज लपवतात, हेही सांगितलं पाहिजे. बचत गटांनी आपल्याकडे मोठं काम केलं. पण गटाशिवाय आठवड्याच्या हप्त्यानं कर्ज देणाऱ्या कंपन्या गावोगाव आल्या आहेत. एकीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज, असं चक्र सुरू होतं. कधी त्यात नवऱ्यासाठीच घेतलेले पैसे असतात, कधी माहेरच्या अडचणीसाठी. नियम दोघांना एकच. लपवू नये ते देणं.

आपल्या महाराष्ट्रात नवऱ्यानं बायकोचं देणं मान्य करण्याची एक मोठी गोष्ट घडलेली आहे. शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात चांदवडला भरलं. त्यानंतर काही वर्षांत शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम दिला. त्यांचा मुद्दा साधा होता. आपण सरकारकडे कर्जमुक्ती मागतो, पण घरच्या लक्ष्मीच्या कष्टांचं कर्ज आपल्या डोक्यावर आहे, ते आधी फेडा. जमिनीचा एक तुकडा तिच्या नावावर करून द्या. आणि कितीतरी गावांत पुरुषांनी तसं खरोखर करून दिलं. पुढे १९९२ साली महसूल खात्यानंही परिपत्रक काढलं, की नवऱ्यानं अर्ज केला तर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबारावर लावता येतं. तलाठ्याकडे जाऊन चौकशी केली तर आजही हे कळेल. त्यासाठी आंदोलन करावं लागत नाही, मनाची तयारी करावी लागते.

आता आमच्या घरात आम्ही काय करतो ते सांगतो. दिवाळीचा पाडवा हा व्यापाऱ्यांच्या नव्या वहीचा दिवस. पत्नी नवऱ्याला ओवाळते तोही हाच दिवस. आपल्या भागात सोयाबीनचा पैसाही याच सुमाराला आलेला असतो. म्हणून आम्ही घरच्या वहीसाठी हाच दिवस धरला. साधी शंभर पानी वही. ओवाळणं झालं, जेवणं झाली की दुपारी दोघं बसतो.

पहिल्या पानावर देणं. कुणाचं, किती, कधीपासून, व्याज किती, कागद आहे की तोंडी. बँकेपासून किराणा दुकानापर्यंत सगळं. कुणाला जामीन राहिलो असू तर तेही याच पानावर, कारण ते देणंच आहे. हे पान पहिल्या वर्षी लिहायला दोन तास लागतात आणि घाम फुटतो. पुढच्या वर्षी अर्ध्या तासात होतं.

दुसऱ्या पानावर येणं. पिकाची हिशेबपट्टी, पगार किंवा पेन्शन, कुणाला दिलेले हातउसने. तिसऱ्या पानावर कागद कुठं आहेत ते. पासबुकं, विम्याच्या पावत्या, सातबारा, घराचा उतारा. पीकविमा भरला का, खात्यातून ४३६ रुपयांचा किंवा अपघात विम्याचे २० रुपये कापले जातात का, त्याची नोंद. कोणत्या खात्याला वारस म्हणून कुणाचं नाव लावलं आहे, तेही. खातं दोघांच्या नावावर असेल तर 'दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो' अशी सूचना बँकेत दिलेली आहे का, हे एकदा पाहून घ्यावं. नाहीतर एक गेला की दुसऱ्याला खात्याला हात लावण्यासाठी खेपा घालाव्या लागतात. आणि नामांकन म्हणजे मालकी नव्हे, हेही ध्यानात ठेवावं. नामांकित माणूस पैसे स्वीकारतो, हक्क वारसांचा असतो.

चौथ्या पानावर वर्षाची वाटणी. आधी कर्जाची परतफेड, कारण तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज सवलतीच्या योजनांमुळं ते बिनव्याजी पडतं आणि मुदत चुकली की व्याज लागतं. मग पुढच्या पेरणीचे पैसे बाजूला. मग पोरांचं शिक्षण. उरलेलं बारा महिन्यांत वाटायचं. आणि शेवटी थोडी रक्कम दोघांची आपापली, तिचा हिशेब कुणी कुणाला मागायचा नाही. माझी चहा-पानावर जाते. तिची कुठं जाते मला माहीत नाही.

आणि एक अट. जमिनीचा कागद, सोनं गहाण, कुणाचा जामीन, कुठलंही कर्ज, यांवर घरी सांगितल्याशिवाय सही करायची नाही. समोरचा कितीही घाईत असला तरी एक रात्र मध्ये जाऊ द्यायची. ज्या कामाला एका रात्रीचाही धीर नाही, त्यात बहुतेक वेळा काहीतरी खोट असते.

हे सगळ्या घरांना जमेल असं मी म्हणत नाही. एकत्र कुटुंबात तिजोरीची किल्ली सासू-सासऱ्यांकडे असते. तिथं वही सगळ्यांची असावी लागेल, आणि ते अवघड आहे. जिथं नवऱ्याला दारूचं किंवा आकड्याचं व्यसन आहे, तिथं बायकोनं आपलं खातं वेगळंच ठेवावं, कार्ड स्वतःजवळ ठेवावं आणि पिन कुणाला सांगू नये. मिळून कारभार करायचा म्हणजे एकानं सगळं दुसऱ्याच्या हवाली करायचं, असा त्याचा अर्थ नाही. दोघांनाही सगळं माहीत असणं, एवढाच अर्थ. पैसा कुणाच्या हातून खर्च होतो हा नंतरचा प्रश्न.

२०१७ च्या पाडव्याला आम्ही पहिल्यांदा वही लिहिली. तेव्हापासून एकही वर्ष चुकवलं नाही. करोनाच्या दोन वर्षांतही बसलो. मुलगी आता नोकरी करते. तिचं लग्न झालं तेव्हा जावयाला आणि तिला आम्ही घरच्या वस्तूंबरोबर एक कोरी वहीही दिली. ती दोघं हसली. पहिल्या पाडव्याला त्यांनी लिहिली की नाही, मी विचारलं नाही.

आमचा तो स्टीलचा डबाही अजून हळदीच्या डब्यामागे आहे. त्यात किती आहेत, हेही मी विचारलेलं नाही.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)